मेण, वाळू आणि माझी फुल्यांची वही

माझा एक खेळ आहे, कुणाला सांगितला की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, बरं, पण ह्यात मजा काय. घोड्यांच्या जुन्या रेसेस शोधायच्या, दहा-पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या, बहुतेक अमेरिकेतल्या कारण त्यांचा फॉर्म (प्रत्येक घोड्याच्या आधीच्या कामगिरीचा तक्ता) आणि चार्ट (रेस कशी झाली त्याचा तपशील) बऱ्यापैकी सापडतो. निकालाचा भाग कागदाने झाकायचा, अर्धा तास डोकं खाजवत बसायचं, आणि ठरवायचं की आपण त्या दिवशी तिथे खिडकीपाशी उभे असतो तर कोणत्या नंबरवर लावले असते. मग रिप्ले. घोडा लागला तर वहीत बरोबरची खूण, नाही लागला तर फुली. खऱ्या पैशाचा काही संबंध नाही आणि ते किती बरं आहे हे वही उघडली की लगेच कळतं.

तर सुरुवातीला माझी एक पद्धत होती आणि मला ती फार हुशारीची वाटायची. अमेरिकन डर्टवर, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर, जो घोडा गेटमधून सुटल्या सुटल्या पुढे जातो आणि त्याच्याशी आघाडीसाठी भांडायला दुसरा कुणी नसतो, त्याच्यावर डोळे झाकून लावायचं. ह्यामागे कारण आहे, अंधश्रद्धा नाही. डर्टवर पुढचा घोडा पळताना खुरांनी माती मागे उडवतो आणि ती मागच्याच्या तोंडावर, छातीवर, जॉकीच्या गॉगलवर सडासडा येते. बऱ्याच घोड्यांना ते अजिबात सहन होत नाही, ते मान वर करतात, पळायचं मनच जातं त्यांचं. पुढच्याला मात्र समोर मोकळी हवा. शिवाय डर्टवर सगळे सुरुवातीलाच जीव खाऊन पळतात आणि शेवटी सगळेच दमतात, कमी दमेल तो जिंकतो, त्यामुळे सुरुवातीला घेतलेली दोन-तीन लेंग्थची, म्हणजे दोन-तीन घोड्यांच्या लांबीएवढी आघाडी मोडून काढणं अवघड जातं. केंटकीमधला कीनलँडचा जुना ट्रॅक तर ह्यासाठी प्रसिद्धच होता, पुढे जा, आतल्या रेलिंगला चिकटून राहा आणि घरी ये. माझ्या वहीत कीनलँडच्या पानांवर बरोबरच्या खुणा चिकार होत्या. मी स्वतःला भारी समजायला लागलो होतो.

मग एक पान आलं आणि त्यावर नुसत्या फुल्या. ओळीने अकरा. तोच ट्रॅक, तसेच ट्रेनर, तसेच पुढे पळणारे घोडे, आणि प्रत्येक रिप्लेत तेच चित्र, माझा घोडा वळणापर्यंत आरामात पुढे, शेवटच्या स्ट्रेचला, म्हणजे सरळ पट्ट्यात आला की बाहेरून चार-पाच जणांचा घोळका येतो आणि त्याला गिळून टाकतो. मला आधी वाटलं नशीब खराब आहे. अकराव्या फुलीनंतर तारीख बघितली, ऑक्टोबर २००६. आणि फॉर्ममध्ये ट्रॅकच्या नावाशेजारी एक बारीकशी खूण होती जी मी इतके दिवस डोळ्याआड केली होती, की हा सिंथेटिक ट्रॅक आहे. कीनलँडने त्याच सीझनला जुनी माती काढून पॉलिट्रॅक घातला होता. म्हणजे मी बंद झालेल्या रस्त्याचा नकाशा घेऊन गाडी चालवत होतो.

आता हे सिंथेटिक म्हणजे काय तर लोकांना वाटतं हॉकीसारखं हिरवं प्लास्टिक. तसं नसतं ते. मुख्य माल वाळूच, बारीक सिलिका वाळू, त्यात कार्पेटचे किंवा तसलेच कृत्रिम धागे, रबराचे तुकडे, आणि ह्या सगळ्याला मेणाचा लेप. हातात घेतलं तर मुठीत गोळा होईल आणि सोडलं की परत भुगा होईल असं काहीतरी. खाली पाणी झिरपून जाईल अशी सच्छिद्र डांबराची किंवा खडीची थर-रचना. पाऊस पडला तर पाणी खाली निघून जातं, वर चिखल होत नाही, डर्टवर होतो तसा. खूर पडतो तेव्हा डर्टवर तो आधी थोडा पुढे घसरतो आणि मग रुततो, सिंथेटिकवर घसरणं कमी, पकड लगेच. आणि मागच्यावर उडणारा मारा बराच कमी. एवढं वाचलं आणि माझ्या अकरा फुल्यांचा उलगडा झाला, कारण मागे पळण्याची शिक्षाच संपली होती ना. मग जॉकी कशाला घाई करतील? सगळे आरामात निघतात, एकत्र वळणावर येतात आणि शेवटच्या दोन फर्लांगात (एक फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) खरी रेस होते. जवळजवळ गवतावरच्या, म्हणजे टर्फवरच्या रेससारखं.

ह्याचा कळस बघायचा असेल तर कीनलँडचीच २००७ ची ब्लू ग्रास स्टेक्स बघा. मी ती इतक्या वेळा बघितलीये की पाठ झालीये. नऊ फर्लांगची रेस, केंटकी डर्बी ह्या अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या रेसच्या तीन आठवडे आधीची, त्यात स्ट्रीट सेन्स, मागच्या वर्षीचा दोन वर्षांच्या घोड्यांमधला चॅम्पियन. गेट उघडतं आणि कुणीच पळत नाही! म्हणजे पळतात, पण सकाळच्या व्यायामाला निघाल्यासारखे. पहिल्या अर्ध्या मैलाला ५१ सेकंदांच्या वर लागले, एवढ्या दर्जाच्या डर्ट रेसमध्ये हा आकडा दिसला तर घड्याळ बिघडलं म्हणतील. टॉफल्सबर्ग पुढे, बाकीचे त्याच्या मागे गठ्ठ्याने. आणि शेवटी पहिले चार जण एका ओळीत, कुणाची मान पुढे कुणाचं नाक पुढे, फोटो बघून डॉमिनिकनला विजेता ठरवलं, स्ट्रीट सेन्स नाकभराने दुसरा. मग डर्बी. चर्चिल डाउन्सचा डर्ट. डॉमिनिकनचा पत्ता नाही, आणि स्ट्रीट सेन्स एकोणिसाव्या नंबरवरून आतल्या रेलिंगने वाट काढत काढत येऊन जिंकतो. दुसरा कोण, तर हार्ड स्पन, ज्याने त्याआधी टर्फवे पार्कच्या पॉलिट्रॅकवरची रेस मारली होती. म्हणजे पॉलिट्रॅकवर हरलेला डर्टवर पहिला, पॉलिट्रॅकवर जिंकलेला डर्टवर दुसरा आणि पॉलिट्रॅकवरच ज्याने पहिल्याला हरवलं तो गायब. ह्यातून पैसे लावणाऱ्याने काय धडा घ्यायचा? त्या वर्षी लोकांनी डोक्याला हात लावला असेल तर मला त्यांची कीव येते.

आणि इथे पैशाचं गणित नीट समजून घ्यायला लागतं, कारण अमेरिकेत रेसवर लावता तेव्हा तुम्ही बुकीविरुद्ध खेळत नाही, सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, ट्रॅकवाले त्यातून आपला वाटा, म्हणजे टेकआउट, कापून घेतात आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे तुम्ही खेळता ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध. तुम्हाला घोड्याबद्दल सगळं माहीत असून उपयोग नाही, इतरांपेक्षा थोडं जास्त माहीत पाहिजे. आणि हे जास्तीचं जे माहीत असतं ते वर्षानुवर्षं साठवलेलं असतं, ह्या ट्रॅकवर आतली बाजू जड आहे, तमक्या सायरची, म्हणजे बापघोड्याची पिल्लं ओल्या मातीवर चालतात, अमका ट्रेनर सुट्टीवरून आणलेला घोडा पहिल्याच रेसला तयार ठेवतो. जमीन बदलली की ह्या साठ्यातला मोठा भाग एका रात्रीत रद्दी. वीस वर्षं खेळणारा आणि परवा आलेला, दोघं एका रांगेत. कुणाला आवडेल?

स्पीड फिगरचंही तेच झालं. अँड्र्यू बायर ह्या पत्रकाराच्या नावाचे आकडे डेली रेसिंग फॉर्ममध्ये १९९२ पासून छापून येतात, त्या दिवशी ट्रॅक किती वेगाचा होता त्याचा हिशोब वजा करून घोडा खरंच किती वेगात पळाला तो एक आकडा. डर्टवर हे सुरेख चालतं कारण तिथे घोडा सुरुवातीपासून पूर्ण ताकद लावतो, वेळ म्हणजे त्याची लायकी. पण सगळे पाऊण रेस चालत गेले आणि शेवटीच पळाले तर एकूण वेळ काय सांगणार, कपाळ? बायर स्वतः सिंथेटिकवर उघडउघड वैतागलेला असायचा आणि मी त्याच्याच बाजूचा होतो, मनापासून.

बरं, हा ट्रॅक दरवर्षी, किंबहुना दर दिवशी सारखा राहील असं पण नाही. सगळा खेळ मेणाचा, आणि मेण उन्हात मऊ पडतं आणि थंडीत कडक होतं. कॅलिफोर्नियातल्या डेल मारला २००७ मध्ये पॉलिट्रॅक नवा घातला, समुद्राकाठचा ट्रॅक, सकाळी ढगाळ थंड आणि दुपारी ऊन. सकाळी व्यायामाला घोडे चांगले पळायचे आणि दुपारी रेसच्या वेळी त्याच ट्रॅकवर दमछाक. त्या वर्षीची पॅसिफिक क्लासिक, सव्वा मैलाची, स्टुडंट काउन्सिलने जिंकली २ मिनिटं ७.२९ सेकंदांत. त्याच ठिकाणी त्याच अंतराला २००३ मध्ये कँडी राईडने डर्टवर १ मिनिट ५९.११ चा रेकॉर्ड केला होता. आठ सेकंद! घोड्यांच्या रेसमध्ये आठ सेकंद म्हणजे दुसरा घोडा घरी जाऊन आंघोळ करून येईल. मिक पीटरसन हे संशोधक रेस ट्रॅकच्या जमिनीचा अभ्यास करतात, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापमान आणि वेळ ह्यांचा संबंध मोजून दाखवला. म्हणजे पैसे लावणाऱ्याने फॉर्मबरोबर थर्मामीटर पण बाळगायचा.

एवढा उपद्व्याप केला कशाला मग? मला खूप दिवस हा प्रश्नच पडला नव्हता हे आता लिहिताना खटकतंय. इंग्लंडमध्ये कारण हवामानाचं होतं, हिवाळ्यात गवत गोठतं आणि रेस रद्द होतात, म्हणून १९८९ च्या ऑक्टोबरअखेरीला लिंगफील्डला पहिली ऑल-वेदर, म्हणजे सिंथेटिकवरची रेस झाली, पाठोपाठ साउथवेल. तिथल्या लोकांनी ते गुपचूप स्वीकारलं, नाकं मुरडली असतील, पण हिवाळ्यात दुपारी काही न लावण्यापेक्षा बरं. अमेरिकेत कारण वेगळं, घोडे मरत होते. २००६ च्या मे महिन्यात प्रीकनेस ह्या मोठ्या रेसमध्ये डर्बी विजेता बार्बारोचा मागचा पाय सगळ्या देशासमोर मोडला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या रेसिंग बोर्डाने हुकूम काढला की मोठ्या ट्रॅक्सनी २००७ संपायच्या आत सिंथेटिक घालायचाच. मग हॉलिवूड पार्क आणि सँटा अनिटाला कुशन ट्रॅक, डेल मारला पॉलिट्रॅक, गोल्डन गेट फील्ड्सला टपेटा, सगळे सिंथेटिकचेच वेगवेगळे ब्रँड.

टपेटा ज्याने बनवला तो मायकेल डिकिन्सन हा माझा लाडका माणूस आहे. १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या मोठ्या रेसमध्ये, पहिले पाचही घोडे एकट्या ह्याच्या तबेल्यातले. पुढे अमेरिकेत गेला, डा हॉस नावाच्या दुखण्याने बेजार घोड्याला घेऊन १९९६ आणि १९९८ अशी दोनदा ब्रीडर्स कप ह्या वर्षाअखेरच्या मोठ्या रेस-सोहळ्यातली माईल जिंकला. असा माणूस ट्रेनिंग सोडून वाळूत मेण कालवत बसला कारण त्याला घोड्यांचे पाय मोडणं बघवत नव्हतं. टपेटा म्हणजे लॅटिनमध्ये गालिचा.

पण सँटा अनिटाला गालिच्याचं पोतेरं झालं. २००८ च्या जानेवारीत पाऊस आला आणि कुशन ट्रॅकमधून पाणी जाईचना, ज्यासाठी घातला तेच जमेना, रेसचे दिवस रद्द झाले. मग प्रो-राईड नावाचा दुसरा सिंथेटिक घातला आणि त्याच्यावर २००८ आणि २००९ ची ब्रीडर्स कप झाली. २००८ च्या क्लासिकमध्ये, म्हणजे त्या सोहळ्यातल्या मुख्य रेसमध्ये, कर्लिन, तेव्हाचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा डर्ट घोडा. त्याचा रिप्ले बघताना मला अजून पोटात गोळा येतो. शेवटच्या वळणावर तो नेहमीसारखा बाहेरून येतो, पुढे जातो, जिंकला असं वाटतं, आणि मग तो जागच्या जागी पळतोय असं दिसायला लागतं. युरोपच्या गवतावर पळत आलेले रेव्हन्स पास आणि हेन्री द नॅव्हिगेटर त्याच्या बाजूने निघून जातात. कर्लिन चौथा. पुढच्या वर्षी त्याच मालकांनी, जेस जॅक्सननी, रेचल अलेक्झांड्राला तिथे पळवलंच नाही, प्लास्टिकवर आमची घोडी पळणार नाही म्हणाले. आणि तिच्याविना झालेली ती क्लासिक झेन्याटाने जिंकली, सगळ्यात मागून येऊन. क्लासिक जिंकणारी पहिली घोडी.

झेन्याटावरून माझं आणि माझ्या एका मित्राचं जे वाजलंय ते वेगळंच. मी म्हणायचो ती प्लास्टिकची राणी. वीस रेसेसपैकी सतरा सिंथेटिकवर, डर्टवर फक्त तीन. तो म्हणायचा त्या तीनमधल्या दोन जिंकली की, आणि तिसरी बघ. तिसरी म्हणजे २०१० ची क्लासिक, चर्चिल डाउन्स, डर्ट, रात्रीचे दिवे. सुरुवातीला ती इतकी मागे पडते की कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाही. आयुष्यात फारसा न खाल्लेला मातीचा मारा तोंडावर घेत येते, वळणावर जागा शोधते, आणि शेवटी ब्लेमपासून डोकंभर अंतराने हरते. एकमेव हार. मी जिंकल्यासारखा मित्राकडे बघितलं तर तो म्हणाला, अरे ही हार तुझ्या बाजूची का माझ्या? मला अजून उत्तर आलेलं नाही.

लोक हळूहळू शिकले म्हणा, पण सगळ्यांना एकाच वेळी शहाणपण येत नाही आणि पूलमधला पैसा तिथेच असतो. २०११ ची डर्बी. ॲनिमल किंगडम, त्याआधी डर्टवर एकही रेस पळालेला नाही, टर्फवेच्या पॉलिट्रॅकवर स्पायरल स्टेक्स जिंकून आलेला. नियम सगळ्यांना पाठ झाला होता, सिंथेटिकवाला डर्टवर चालत नाही. तोच जिंकला, दोन डॉलरला ४३ डॉलर ८० सेंट मिळाले. तोच घोडा २०१३ मध्ये मेदानच्या टपेटावर दुबई वर्ल्ड कप पण मारून गेला, म्हणजे त्याला कशावरही पळवा. आणि २०२२ चा डर्बी विजेता रिच स्ट्राईक, ऐंशीला एक, त्याची आधीची रेस टर्फवेलाच, आता टपेटा झालेल्या ट्रॅकवर, तिसरा आला होता. माझी पद्धत आता उलटी झाली. सिंथेटिकवरचा चांगला फॉर्म दिसला आणि लोकांनी त्याला नाक मुरडलंय असं ऑड्सवरून दिसलं की मी तिथे थांबून बघतो. वहीत बरोबरच्या खुणा थोड्या वाढल्यात. थोड्याच.

दरम्यान ट्रॅकवाले पण कंटाळले आणि येरे माझ्या मागल्या. सँटा अनिटा २०१० च्या डिसेंबरात परत डर्टवर, कीनलँड आणि मेदान २०१४, डेल मार २०१५. हॉलिवूड पार्क तर २०१३ ला बंदच झालं, गोल्डन गेट २०२४ ला. कारणं अनेक होती, देखभालीचा खर्च, ट्रेनर्सच्या तक्रारी की पुढचे पाय वाचतात पण मागच्या पायांची दुखणी वाढली, डर्बीला घोडा तयार करायचा तर डर्टच पाहिजे, आणि त्या कारणांत आमच्यासारख्यांची कुरकुर पण होती.

आकडे मात्र कुरकुरीच्या बाजूने नव्हते. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २००९ पासून रेसमधल्या जीवघेण्या दुखापतींची नोंद ठेवलीये. त्या वर्षी दर हजार स्टार्टमागे (एक घोडा एका रेसमध्ये पळाला की एक स्टार्ट) दोन घोडे जात होते, मातीवर त्याहून जास्त, सिंथेटिकवर दीडच्या आसपास. पुढे सगळीकडेच काळजी वाढली, तपासण्या वाढल्या, २०२३ ला एकूण आकडा १.३२ पर्यंत आला आणि सिंथेटिकवर एकाच्या खाली. डर्टवर परत गेलेल्या सँटा अनिटाला २०१८ च्या डिसेंबरअखेरीपासून मार्च २०१९ पर्यंत वीसच्या वर घोडे गेले, रेसिंग थांबवायला लागलं. त्या हिवाळ्यात पाऊस खूप होता, कारणं एकट्या मातीची नव्हती, पण दहा वर्षांपूर्वी ह्याच ठिकाणी काय होतं आणि का काढलं हे आठवून अनेकांनी तोंड कडू केलं असणार. आता वारं परत फिरतंय, फ्लोरिडातल्या गल्फस्ट्रीमने २०२१ मध्ये टपेटा घातला, म्हणजे पावसाने गवतावरची रेस हलवायला लागली तरी तेवढे घोडे मागे घेतले जात नाहीत, न्यूयॉर्कमध्ये बेलमाँट नव्याने बांधतायत तिथे पण सिंथेटिकची जागा ठेवलीये. टोरोंटोचा वुडबाईन तर कधी सोडून गेलाच नाही.

हे सगळं वाचत असताना मागच्या महिन्यात मी जुनी वही चाळत होतो, सुरुवातीच्या दिवसांतली, हुशार पद्धतीच्या काळातली. एका पानावर एक फुली आहे, शेजारी लिहिलंय "वळणावर सोडून दिलं, भरवशाचा नाही". मला ती रेस आठवेना म्हणून तारीख शोधून रिप्ले परत लावला. माझा घोडा पुढे होता, एकटा, अगदी मला हवा तसा, दोन लेंग्थ मोकळी हवा. वळणावर त्याचं डोकं एकदा खाली जातं, जॉकी लगाम ओढून उभा राहतो, बाकीचे बाजूने निघून जातात आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर पुढे जातो. शेवटी विजेता दाखवताना अगदी मागे, चौकटीच्या कोपऱ्यात, ट्रॅकवर, जायबंदी घोडा लोकांना दिसू नये म्हणून धरतात तो हिरवा पडदा धरून उभी असलेली माणसं दिसतात, अर्धा सेकंद. तेव्हा मी रिप्ले विजेत्यापाशीच बंद केला असणार, कारण फुली मारायला तेवढं पुरेसं होतं.

"भरवशाचा नाही" हे खोडलं मी. ट्रॅक डर्ट, सहा फर्लांग. घोड्याचं नाव वहीत नाहीये, तेव्हा मी नावं लिहायचोच नाही, फक्त नंबर. चार.